फोटोखालचं नाव

इंदापूरहून बावड्याकडे येताना आमच्या वस्तीच्या फाट्यापर्यंत रस्त्याच्या डाव्या बाजूला एकोणतीस फ्लेक्स होते. हे मला माहीत असण्याचं कारण म्हणजे त्यांतले सव्वीस मीच केले होते. म्हाळसाला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पिठाचा डबा धरून, ते लागल्यापासून एकदाच त्या रस्त्याने आली होती.

फाट्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "अवीदादा, अकराव्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत डावीकडनं चौथा माणूस हाय ना, त्योच सतराव्यावर वरच्या रांगेत हाय. एवढ्यात त्याला बढती मिळाली का?"

मी गाडी वळवून परत जाऊन बघितलं. तोच होता. सतराव्यावरच्या माणसाने फोटोच पाठवला नव्हता, म्हणून मी घाईत अकराव्यावरचा चिकटवला होता. फ्लेक्स तीन महिने तिथे होता. ही गोष्ट त्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. त्यांच्या बायकांच्याही नाही.

मी अविराज. इंदापूरच्या स्टँडजवळ आप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे डिझाइन करतो. डिझाइन म्हणजे मधोमध हात जोडलेला एक मोठा माणूस, भोवती छोटी छोटी माणसं आणि मागे वाघ. वाघ नको असेल तर आधी सांगावं लागतं. म्हाळसा माझी चुलतबहीण, रामहरी आबांची पोरगी. जेजुरीला नवस बोलल्यावर झाली म्हणून तिचं नाव म्हाळसा. तिच्या वर्गात तीन आराध्या, चार स्वरा आणि ही एक म्हाळसा. नववी तिने दोनदा केली होती आणि आता ती दहावीत होती.

तिला धडा वाचायला दिला की ती वाचायची. शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली ओळ गेलेली असायची. कुठे गेली असं विचारलं तर ती खरोखर मागे वळून बघायची. कानाने ऐकलेलंही टिकायचं नाही. दुकानातून साखर, चहा आणि काडेपेटी आण म्हटलं तर ती साखर आणि अपराधी चेहरा घेऊन यायची. पण डोळ्यांतून आत गेलेल्या गोष्टीला परत बाहेर येण्याचा रस्ता नव्हता. ती आत जशीच्या तशी उभी राहायची.

"फ्लेक्सवरचं समदं ध्यानात ऱ्हातं आन् पुस्तकातलं कसं ऱ्हात न्हाय गं?" बनाबाई काकी विचारायची. "पुस्तकावर तुझा राग हाय का?"

"पुस्तकात कुणीच नसतंय, आये," म्हाळसा म्हणायची.

आदल्या वर्षी शेजारच्यांच्या बंगल्याचं काम चाललं होतं. इंजिनिअरने नकाशा बाजेवर पसरला. म्हाळसा पाण्याचा तांब्या घेऊन गेली होती, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "जिन्याच्या सातव्या पायरीवर डोस्कं आपटंल." इंजिनिअर हसला. गवंडीही हसला. बंगला झाला. वास्तुशांतीला सातव्या पायरीवर पहिलं डोकं भटजींचं आपटलं. इंजिनिअर आबांना शोधत आला आणि म्हणाला, हिला बारामतीच्या आयटीआयला घाला, आरेखकाच्या म्हणजे नकाशे काढायच्या कोर्सला, हिचा जन्म त्यासाठीच आहे. फक्त दहावी पास पाहिजे.

त्या दिवसापासून म्हाळसाला बारामती दिसायला लागली. दिसायला म्हणजे खरंच. तिने कधी न बघितलेल्या आयटीआयचं चित्र वहीच्या शेवटच्या पानावर काढलं होतं. उतरत्या फळ्यांची टेबलं, मोठी खिडकी, आणि खिडकीपाशी पाठमोरी बसलेली एक वेणी.

आबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी हिशोब सरळ मांडला होता. "पास झाली तर बारामती. म्या स्वता सोडून येतो, गादी घिऊन. न्हाय झाली तर डाळिंबाच्या पॅकिंगला जायाचं. मग परत शाळंचं नाव काढायचं न्हाय, तू बी न्हाय आन् म्या बी न्हाय."

"व्हय," म्हाळसा म्हणाली. ती सगळ्यालाच व्हय म्हणायची.

बाकीचे विषय काठावरून ओढले जातील असं वाटत होतं. अडचण विज्ञानाची होती. विज्ञान शिकवायला राजलक्ष्मी मॅडम होत्या. चांगल्या होत्या. दिवाळीनंतर त्या बारामतीला एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या. विषय होता, डोळ्यांनी शिकणारी मुलं कशी ओळखावीत आणि त्यांना कसा आधार द्यावा. मी त्यांना शाळेच्या फाटकात गाठलं.

"सापडली," मॅडम म्हणाल्या. "आपली म्हाळसा तशीच आहे. सगळी लक्षणं जुळतात."

"मग आता काय करायचं?"

"चित्रं दाखवायची. तक्ते लावायचे. रंग वापरायचे. जे शिकवायचं ते समोर उभं करायचं."

"प्रशिक्षणात काय काय चित्रं दाखवली?"

"चित्रं नव्हती. साहेबांनी साडेतीन तास वाचून दाखवलं. शेवटी प्रमाणपत्र दिलं, त्यावर एक डोळा आहे."

वर्गात तक्ते लावायला जागा नव्हती. चारी भिंतींवर सुविचार रंगवले होते, ते पुसायला ठराव लागतो. शिवाय मॅडमकडे तीन वर्ग, एकशे अकरा पोरं आणि जानेवारीपर्यंत संपवायचा भाग होता. "मी तोंडी सांगते आणि ती वर्गात बसून माझ्या मागच्या सुविचाराकडे बघते," त्या म्हणाल्या. "मला दिसतं ते. पण मी काय करू, अविराज?" हे त्यांनी खरंच विचारलं होतं. मला फक्त फ्लेक्स येत होते.

आप्पांच्या दुकानात प्रत्येक रोलचं टोक वाया जातं. ती टोकं मी जमवली. पहिला फ्लेक्स केला पेशी विभाजनाचा, कारण ते दरवर्षी येतं असं मॅडम म्हणाल्या होत्या. पुस्तकातली आकृती म्हाळसाला दाखवली.

"काय दिसतंय?"

"शेवया," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. गुणसूत्रं शेवयांसारखीच दिसतात. आणि शेवया एकमेकींपासून वेगळ्या का झाल्या याच्याशी कुणाला काय देणंघेणं? तिला माणसं लागायची. चेहरा असला की ती विसरत नसे.

तेव्हा मला आमचं तरुण मंडळ आठवलं.

आमच्या वस्तीवर एकच गणपती मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष दादासाहेब, माजी सरपंच. दोन वर्षांपूर्वी आरतीचं ताट आधी कुणी धरायचं यावरून दादासाहेब आणि त्यांचे मेव्हणे विजयसिंह यांचं वाजलं आणि मंडळ फुटलं. ते फुटणं सगळ्या वस्तीने उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं. आधी मंडळाच्या कार्यालयाचे पत्रे काढले. मग सगळी माणसं मारुतीच्या देवळापुढे एका रांगेत येऊन उभी राहिली. एका टोकाला दादासाहेब, दुसऱ्या टोकाला विजयसिंह. दोघांकडून ओढाओढ सुरू झाली आणि प्रत्येक घरातला एक भाऊ इकडे गेला, एक तिकडे. रामहरी आबा दादासाहेबांकडे. माझे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते विजयसिंहांकडे. शेवटी दोन कार्यालयं झाली, दोन गणपती झाले आणि दोन्हीकडे अगदी सारखीच माणसं. आबा आणि तात्या तेव्हापासून बोलत नाहीत. बांधावर समोरासमोर आले तर बैलाशी बोलतात. बैल तात्यांचा आहे, पण आबांचंही ऐकतो.

हे पेशी विभाजन होतं. पुस्तकात अगदी हेच लिहिलेलं होतं, फक्त ताट सोडून.

मी चार चौकटींचा फ्लेक्स केला. दोन टोकांना दादासाहेब आणि विजयसिंह, खाली नाव: तारककेंद्र. त्या दोघांपासून मधल्या माणसांपर्यंत काढलेल्या दोऱ्यांवर तुर्कतंतू. मधल्या रांगेत भावाभावांच्या जोड्या, प्रत्येकाच्या फोटोखाली अर्धगुणसूत्र. कार्यालयाच्या पत्र्यांवर केंद्रकावरण. फोटो माझ्या कॉम्प्युटरवर होतेच, वाढदिवस कुणाला चुकलेत?

म्हाळसाने तो फ्लेक्स बघितला. पहिल्या चौकटीपासून चौथ्या चौकटीपर्यंत तिची मान सावकाश फिरली. मग ती म्हणाली, "म्हंजी पेशीत बी आसंच भांडण व्हतं?"

"भांडण नाही. वाढीसाठी होतं."

"आपल्यात बी वाढीसाठीच झालं म्हन्ले हुते." मग तिने फ्लेक्सकडे पाठ केली आणि चारही अवस्था क्रमाने सांगितल्या. कोण कुठे उभा, कुणाच्या खाली काय लिहिलंय, सगळं. एक अक्षरही चुकलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिने अभ्यासातली गोष्ट पाठ फिरवून सांगितली होती. काकी चुलीपाशी बसली होती, ती पदराने नाक पुसत म्हणाली, "धूर झालाय लई." चूल पेटलेली नव्हती.

मग मी सुटलोच. आवर्तसारणीसाठी दूध डेअरीच्या संचालकांचा फोटो घेतला. शेवटच्या खांबातले सहा जण सभेत कुणाशीच बोलत नाहीत, ते निष्क्रिय वायू. पहिल्या खांबातले कुणालाही बघून पेट घेतात. नऊ आठवड्यांत चौदा फ्लेक्स झाले. घरात लावायला भिंत नव्हती, म्हणून वस्तीपासून शाळेपर्यंतच्या दोन किलोमीटर रस्त्यावर, उसाच्या कडेने, बांबूला बांधून ओळीने लावले. ती सकाळी शाळेत जाताना विज्ञान भाग दोन बघायची आणि येताना भाग एक.

चौदाही फ्लेक्स रस्त्यावर लावून चारच दिवस झाले होते. दादासाहेबांची गाडी पेशी विभाजनाच्या फ्लेक्सपुढे थांबली. काच खाली झाली. आत ते आणि त्यांची चार माणसं. मला बोलावणं आलं.

"अव्या, ह्ये तारककेंद्र म्हंजी काय रं?"

"तुमचं पद आहे, दादासाहेब."

"जिल्हा पातळीचं का?"

"पेशी पातळीचं."

त्यांनी विचार केला. "ती तालुक्याच्या वर येती का खाली?"

"सगळ्यांच्या आत येते."

हे त्यांना पटलं. पण मागे बसलेला एक जण म्हणाला, "आवं पण दादासायबांचं नाव कुठाय? फोटो लावलाय आन् खाली नाव न्हाय. उद्या कोनबी म्हनंल, ह्यो कोन तारककेंद्र?"

फ्लेक्सच्या धंद्यात याच्यापुढे बोलता येत नाही. वाघ उलटा छापला तर चालतो, तारीख चुकली तर चालते, पण फोटोखाली नाव नसणं म्हणजे माणसाला चारचौघांत ओळख न देणं. यावरून इंदापुरात आमच्या दुकानाची काच एकदा फुटली आहे.

संध्याकाळपर्यंत विजयसिंहांचा निरोप आला, की दादासाहेबांचं नाव टाकणार असशील तर आमचं त्याच मापात टाक, अर्धा इंच कमी नको. नंतर रामहरी आबा स्वतः फ्लेक्सपुढे जाऊन उभे राहिले. पोरीच्या अभ्यासाचा आहे म्हणून चार दिवस ते गप्प होते.

"अर्धगुणसूत्र," त्यांनी वाचलं. "अर्धं का? म्या काय अर्धा माणूस हाय?"

"आबा, तुम्ही आणि तात्या मिळून एक पूर्ण होता. विज्ञानात."

"त्याच्यासंगं मला पुरं करू नगंस," आबा म्हणाले. "माझं नाव टाक. रामहरी. नुसतं रामहरी टाक. पोरगी रोज बघती, तिच्या बापाला नाव नगं का?"

डेअरीचे संचालकही आले. निष्क्रिय या शब्दावर त्यांनी तातडीची सभा घ्यायचं ठरवलं होतं. त्या सभेत ते सहाही जण बोलणार होते, म्हणजे माझा धडाच खोटा ठरणार होता.

मी दुकानातून स्टिकर कापून आणले आणि जिथे जिथे शास्त्रीय नाव होतं तिथे तिथे माणसाचं नाव चिकटवलं; त्याच झपाट्यात पत्र्यांवर 'कार्यालय' आणि दोऱ्यांवर 'दोऱ्या' पण. एका दुपारी चौदाही फ्लेक्स उरकले. सगळे खूश झाले. दादासाहेबांनी तर फ्लेक्सला हार घातला.

मी त्याच दिवशी म्हाळसाला म्हणालो, "नावं नुसती वरवर बदललीत. तू मनात धर, दादासाहेब म्हणजे तारककेंद्र. आबा म्हणजे अर्धगुणसूत्र. धरशील ना?"

"व्हय," ती म्हणाली.

मी तिला तोंडी सांगितलं. बारामतीच्या त्या साहेबांनी साडेतीन तास जे केलं ते मी अर्ध्या मिनिटात केलं. तिला तोंडी सांगितलेलं राहत नाही हे तालुक्यात सगळ्यात आधी ज्याला कळलं होतं, तो मीच. एका चेहऱ्याखाली तिच्या आत एकच नाव मावायचं, जास्त वेळा बघितलेलं. आणि ती पुढचे सात आठवडे दिवसातून दोनदा त्या स्टिकरांकडे बघत गेली आणि आली.

विज्ञानाचा दुसरा पेपर झाला त्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. पोरं प्रश्नपत्रिकेचे बोळे करत बाहेर पडत होती. म्हाळसा सगळ्यांत शेवटी आली. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"आलं हुतं, अवीदादा! पेशी विभाजन, पाच मार्काला, आकृतीसकट. समदं लिवलं. समदं समोर उभं हुतं. म्या नुसतं बघून लिवलं."

आम्ही बसस्टँडवर उसाचा रस प्यायलो. तिने आयटीआयचं चित्र असलेलं वहीचं पान फाडून मला दिलं. "मला आता नगं. आता खरंच बघायचंय," ती म्हणाली.

मे महिन्यात निकाल दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितला. मराठी अडतीस. इतिहास-भूगोल छत्तीस. गणित पस्तीस, म्हणजे कुणाला तरी दया आली असावी. विज्ञान सत्तावीस. आप्पा मागून बघत होते. ते म्हणाले, "कॉम्प्युटर बंद करून परत लाव." आप्पा प्रिंटर अडकला तरी हेच सांगतात. मी बंद करून परत लावला. सत्तावीसच होते.

विज्ञानाच्या दोन्ही उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवल्या. त्या आल्या तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. दुसऱ्या पेपराचं बारावं पान उघडलं. आकृती सुंदर होती. पुस्तकातल्यापेक्षा सुंदर. चार गोल, मापात, रेघा नीट. प्रत्येक गुणसूत्राला चेहरा होता, दोघांना टोपी होती आणि दोन टोकांचे दोघे हात जोडून उभे होते. बाण काढून नावं दिली होती. शेजारी उत्तर होतं.

'पहिल्या अवस्थेत सगळे जण जाड होतात व ठळक दिसू लागतात. कार्यालयाचे पत्रे नाहीसे होतात. दुसऱ्या अवस्थेत सर्व जोड्या मारुतीसमोर एका रांगेत उभ्या राहतात. दादासाहेब व विजयसिंह यांच्यापासून निघालेल्या दोऱ्या प्रत्येक जोडीला चिकटतात. तिसऱ्या अवस्थेत जोडी तुटते. रामहरी वर जातो व तात्या खाली जातो. दोघे एकमेकांकडे बघत नाहीत. शेवटी दोन्ही टोकांना नवे पत्रे तयार होतात व एकाची दोन होतात. दोन्हीकडे सारखीच माणसे असतात. म्हणून वाढ होते.'

समासात लाल शाईने एक प्रश्नचिन्ह होतं. खाली शून्य. शून्य हळुवार काढलेलं होतं, चिडून नव्हे. पहिल्या पेपरात निष्क्रिय वायूंची नावं विचारली होती. तिथे सहा संचालक होते, पहिल्या अक्षरांसकट.

मी ती प्रत राजलक्ष्मी मॅडमकडे नेली. त्यांनी दोनदा वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बरोबर आहे. माझ्या वर्गात पेशी विभाजन इतकं कुणालाच कळलेलं नाही."

"मग मार्क?"

"मार्क कसे देणार? तपासणाऱ्याला काय माहीत रामहरी कोण?" त्यांनी प्रत परत माझ्याकडे सरकवली. "मी तपासला असता तरी, दुसऱ्या गावचा असता तर, मीसुद्धा शून्यच दिलं असतं."

मी आबांना सांगितलं की चूक माझी आहे, तिची नाही. आबांनी उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. 'दोघे एकमेकांकडे बघत नाहीत' इथे ते थांबवतील असं वाटलं होतं. थांबवलं नाही. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "माझं नाव टाकाय म्याच सांगितलं हुतं." नंतर बराच वेळ त्यांनी बैलाकडे बघितलं. बैल तात्यांचा होता, दोघांच्या मधल्या बांधावर चरत होता.

"जुलैला परत बसव," ते म्हणाले. "एक डाव. मग न्हाय."

मी सगळे फ्लेक्स उतरवले. स्टिकर काढायला गेलो तर खालची अक्षरंही सोबत निघून आली. मग नवे केले. दादासाहेबांच्या खाली पुन्हा तारककेंद्र, आबांच्या खाली अर्धगुणसूत्र. या वेळी रस्त्यावर नाही, गोठ्यात लावले, म्हणजे गाईशिवाय कुणी आक्षेप घेणार नाही.

म्हाळसा फ्लेक्सपुढे उभी राहिली. खूप वेळ.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"दादासाहेब."

"खाली काय लिहिलंय?"

"तारककेंद्र लिवलंय." तिने डोळे मिटले. मग उघडले. "पन डोळं झाकलं की खाली दादासाहेबच येतंय. आधीचं हालतच न्हाय. त्याच्यावरनं ह्ये बसत न्हाय."

मी चेहरे काढून टाकले. नुसते गोल आणि रेघा ठेवल्या, पुस्तकासारख्या.

"आता?"

"शेवया," ती म्हणाली.

मी रंग बदलले. दिशा बदलली. दादासाहेबांच्या जागी वाघ टाकला. ती वाघाकडे बघून म्हणायची, हा दादासाहेबांच्या जागी आलाय. चौदा जून ते दोन जुलै आम्ही गोठ्यात उभे होतो. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अवीदादा, त्ये काढून टाक की."

"काय?"

"आतलं. तूच घातलंस ना? काढता येत असंल की."

फ्लेक्स उतरवायला चार खिळे काढावे लागतात. एवढंच मला येत होतं.

जुलैच्या पेपरात पुन्हा पेशी विभाजन आलं. पुन्हा पाच मार्क. तिने काय लिहिलं हे बघायला प्रत मागवायची गरज पडली नाही, तिने बाहेर येऊन सांगितलं. काहीच लिहिलं नाही. जे दिसत होतं ते चुकीचं आहे हे आता तिला पक्कं माहीत होतं, आणि जे बरोबर होतं ते दिसत नव्हतं. पान कोरं ठेवलं. आकृतीही काढली नाही. "उगा परत शून्य कशाला काढाय लावायचं त्यास्नी," ती म्हणाली.

अठरा मार्क मिळाले.

आबांनी शब्द पाळला. दोघांनीही परत शाळेचं नाव काढलं नाही. गादी माळ्यावर गेली. म्हाळसा ऑगस्टपासून डाळिंबाच्या पॅकिंगला जायला लागली. पट्ट्यावरून फळं येतात, बघून ती रंगाने आणि डागाने वेगळी करायची असतात. बाकीच्या बाया फळ हातात फिरवून बघतात. ही बघते आणि बाजूला ठेवते. पहिल्याच आठवड्यात मालकाने सगळ्यांदेखत सांगितलं, असली नजर मी बघितली नाही, हिला कायम ठेवा. काकीने ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ती माळ्यावरच्या गादीकडे बघत होती.

पंधरा ऑगस्टला दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार असतो. दादासाहेबांच्या मंडळाचा एक फ्लेक्स, विजयसिंहांच्या मंडळाचा एक. मुलं तीच, एकोणीस. फक्त वरचा माणूस वेगळा. दोन्ही मीच केले. फाट्यावर पहिला बांधत होतो तेव्हा पॅकिंगचा टेम्पो आला आणि बाया घ्यायला थांबला. मागे, उभ्या बायांमध्ये, म्हाळसा होती. तिच्या बोटांना डाळिंबाचे डाग होते.

तिने फ्लेक्सकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटले.

"वरच्या रांगेत स्वरा, स्वरा, आराध्या, श्रेया, दुसरी आराध्या, ज्ञानेश," ती म्हणायला लागली. एकोणीसच्या एकोणीस. आडनावांसकट, टक्क्यांसकट, दशांशचिन्हासकट. टेम्पोतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बया, एवढं ध्यानात ऱ्हातंय तर शाळंत का गेली न्हाईस?"

म्हाळसाने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. चिडून नाही.

"नावं बरोबर हायत," ती म्हणाली. "ह्या टायमाला समद्यांची नावं बरोबर टाकलीस."

टेम्पो गेला. मी सुतळीची गाठ मारली आणि खाली उतरलो. दुसऱ्या मंडळाचा अजून बांधायचा होता.